दोन कॅन विहिरीचं पाणी

माहा लहाना भाऊ नितेश. त्याची निळ्या पुठ्ठ्याची एक वही हाये, अन् त्या वहीत एक ओळ चुकीची लिहून हाये. त्यानं जाणून चुकीची लिहिली नाई, त्याले तसंच वाटत होतं. खरं काय ते मले एकट्याले माहीत होतं. ते सांगाले मले अकरा महिने लागले, अन् मधातच तो गेला.

मी पंजाबराव. शिक्षण सातवी. पण तेल्हाऱ्याच्या बाजूच्या आमच्या गावात कोणाले बैल घ्याचा असन तर मले संगं नेतात. बैलाच्या तोंडात हात घालून मी उमर सांगतो, अन् नुसत्या चालीवरून सांगतो का हा दोन साल टिकन का पाच. ग्रामपंचायतीत दोन खेपा निवडून आलो, त्यातली एक खेप बिनविरोध. बाप गेला तवा नितेश आठवीत होता. त्याले आयटीआयपर्यंत मी शिकवलं, वावराचा एक तुकडाबी न विकता. हे मी सगळ्याइले सांगत असतो, काहून का ते खरं हाये.

आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. जमिनीखालचं पाणीच खारं. चहा टाकला का दूध फाटते, साबणाले फेस येत नाई. आता घरोघरी जारचं पाणी येते, पण आमी दोघं भाऊ बापानं खोदलेल्या विहिरीचं पाणी पिऊन वाढलो. पाहुण्यानं घोट घेऊन तोंड वाकडं केलं का मी म्हणो, "प्या, प्या. या पाण्यानं गोटे पचतात."

नितेशचं कामबी पाण्याचंच. अमरावतीजवळ नांदगाव पेठेत कापडाच्या एका मिलमंदी तो पाण्याच्या प्लान्टवर होता. कापडाच्या रंगाले खारं पाणी चालत नाई, म्हणून बोअरच्या पाण्यातलं मीठ मशीननं काढा लागते, अन् किती निघालं ते घडीघडी मोजून लिहा लागते. मोजण्यात त्याचा हात कोणी धरत नव्हतं. दुसऱ्यानं मोजलेलं त्याचा साहेब नितेशकडून तपासून घे. अमरावतीत दोन खोल्या किरायानं, बायको प्रणाली, लेकरू नाई. बोलणं कमी. माह्यासमोर तर लयच कमी. आमच्या घरात दोघाइच्या वाटचं मीच बोलतो.

एक खेप त्याच्या घरी गेलो तर बैठकीत दोन फुटाची काचेची टाकी. आत दगड, रेती, पाणी. वरतून निळा लाइट.

"हे काय रे?"

"समुद्राची टाकी हाये दादा."

"मासे कोठी हायेत?"

"अजून नाई. पाणी तयार होऊन राहिलं."

"पाणी तयार होते? दूध हाये का विरजण लावाले?"

"तसंच समज. दगडात बारीक किडे असतात, डोळ्याले न दिसणारे. माशाची घाण ते खातात. ते वाढले का मंग मासा आणाचा. दीड महिना लागते."

मी लय हासलो. प्रणालीले म्हटलं, "बिना पिक्चरचा टीव्ही घेतला तुह्या नवऱ्यानं." तेबी हासली. अन् सगळ्यात मजेची गोष्ट म्हणजे हा पोट्टा मिलमंदी मशीननं पाण्यातलं सगळं मीठ काढे, तेच पाणी कॅननं घरी आणे, अन् मंग दुकानातून आणलेलं समुद्राचं मीठ मोजून त्याच पाण्यात टाके. मी गावात सांगो, "माहा भाऊ दिवसभर मीठ काढते अन् घरी येऊन टाकते." पारावर सगळे हासत. नितेश समोर असला तर तोबी खाली पाहून हासे.

मासा घ्याले नागपूरले अश्विनच्या दुकानात गेलो, मी संगं होतो. अश्विन नितेशच्याच उमरीचा, मोकळा माणूस. तथी एक निळा मासा होता, तळहाताएवढा, असा निळा का डोळे दिपतात. मी म्हटलं, "हा घे. बैलजोडी घ्याची तर नजरेत भरणारी."

नितेश हळूच म्हणते, "दादा, हा फूटभर होते. माही टाकीच दोन फुटाची. त्यानं कोठी फिरावं?"

"मंग मोठी टाकी घे!"

"टाकी पाहून मासा घ्याचा असते दादा. मासा पाहून टाकी नाई."

मंग तो एका काचेसमोर तासभर उभा राहिला. पोट आत गेलं का, पंख फाटले का, श्वास जोरात घेऊन राहिला का, दुसरे त्याले हाकलून राहिले का, सगळं पाहून घेतलं. शेवटी अश्विनले म्हणते, "यांले खाऊ घालून दाखव."

अश्विन माह्याकडे पाहून म्हणे, "तुमचा भाऊ मासा घेत नाई, सोयरीक पाहते."

मी म्हटलं, "कोणापासून शिकला? मी बैल असाच पाहतो. वैरण समोर टाकल्याबिगर इसार देत नाई."

नितेशनं मान डोलवली. त्या दिवशी मले लय बरं वाटलं होतं.

त्यानं चारच जीव आणले. नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली एक जोडी, एक बोटभर पिवळा मासा, अन् एक झिंगा. दगडावर बटणासारखी उघडणारी फुलं होती, अन् एक मऊ झाड होतं, ते लेकरावानी मुठी उघडे-मिटे. ते झाड नाई, जनावर असते म्हणे. मी जास्त इचारलं नाई.

पण तो पिवळा मासा अन् झिंगा मले आवडले. झिंग्याले नीट दिसत नाई. तो रेतीत बीळ खोदते, दिवसभर रेती बाहेर आणून टाकते. मासा बिळाच्या तोंडाशी उभा राहून पहारा देते. झिंग्याची एक मिशी कायम माशाच्या अंगाले टेकून असते. काई आलं का मासा शेपटी हलवते, तसा झिंगा आत. दोघं एकाच बिळात राहतात. आमच्याकडे वावर राखणाऱ्याले जागल्या म्हणतात, म्हणून मी त्या माशाचं नाव जागल्या ठेवलं. नितेशले ते नाव इतकं पटलं का वहीतबी त्यानं तेच लिहिलं: "जागल्या दोन वेळा जेवला."

वही म्हणजे हीच निळी. रोजचं मीठ किती, पाणी गरम का थंड, कोण जेवलं, कोण नाई.

दोन वर्षं टाकी चांगली चालली. मंग नितेशचे पाय सुजाले लागले. तपासणी केली तर दोन्ही किडन्या जवळपास गेलेल्या. आमच्या पट्ट्यात ही बिमारी लय घराइत हाये. पाण्यानं होते का म्हणून मी डॉक्टरले इचारलं, ते म्हणे एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाई. नागपूरले भरती कराचं ठरलं. प्रणाली त्याच्यासंगं जाणार, घर अन् टाकी मी पाहणार.

जायच्या सकाळी त्याले ताप होता. तरी त्यानं टाकीचं निम्मं पाणी बदललं, अन् मले दाखवलं. "दादा, काचेवर ही रेघ मारून हाये. पाणी रोज थोडं उडून जाते. या कॅनमधलं गोडं पाणी रेघेपर्यंत टाकाचं, बस. दुसरं काईच टाकाचं नाई. खाणं चिमूटभर. काई वाटलं तर फोन कर."

"तू तब्येतीचं पाह्य. मासे माह्यावर सोड."

"तुह्यावरच सोडून चाललो दादा."

घरमालक शालिकराम काका दारातच उभे होते. त्याइच्यासमोर मी म्हटलं, "बावन्न जनावरं सांभाळली मी. हे बोटभर मासे काय!"

पहिले सहा-सात दिवस सगळं बरोबर चाललं. पण त्या कॅनच्या पाण्याचा चहा लय चांगला होये, फाटत नव्हता. मी दिवसातून पाच खेपा केला, शालिकराम काकालेबी पाजला. कॅन संपला. फोन केला असता तर नितेशनं मिलमधून दुसरा पाठवाले सांगतलं असतं. मी केला नाई. मले वाटलं, समुद्राच्या माशाले गोडं पाणी काहून? तापात पोट्टा उलटं बोलून गेला असन. खाऱ्या माशाले खारंच पाणी पायजे. अन् खारं पाणी म्हणशीन तर आमच्या घरचं.

एका दिवसासाठी गावाकडे गेलो होतो, येतानी वीस-वीस लिटरचे दोन कॅन विहिरीतून भरून घेतले. एस.टी.त चढवतानी कंडक्टर म्हणे, "काका, काय हाये त्यात?"

"पाणी."

"अमरावतीत नळ बंद हायेत का?"

"समुद्राचे मासे हायेत माह्या भावाकडं. त्याइले खारं लागते."

"मंग समुद्रावरून आणा ना बाप्पा!"

"आमची विहीर काय समुद्रापेक्षा कमी हाये का?"

सगळी गाडी हासली. मागून एक बुढी म्हणे, "माय, गावाचं पाणी माशाइले चाललं, अन् आमी इकतचं जार पेऊन राहिलो." सगळ्याइत जास्त मीच हासलो. अमरावतीपर्यंत गाडीतल्या लोकाइले टाकीची माहिती देत आलो.

घरी आल्यावर पाहिलं, टाकीचं पाणी जरासं धुरकट वाटलं. ढोराइच्या टाक्यातलं जुनं पाणी जसं काढतो, तसं निम्मं काढून मोरीत ओतलं, अन् बापाच्या विहिरीचं पाणी रेघेपर्यंत भरलं. काचेत लख्ख दिसाले लागलं. मी खुर्ची घेऊन समोर बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी झिंगा बाहेर दिसला. दोन वर्षात तो कधी असा उघड्यावर आला नव्हता. रेतीवर आडवा पडून होता. जागल्या त्याच्या अंगाले अंग लावे, शेपटी हलवे, अन् बिळाकडे जाऊन परत ये. चार वाजेपर्यंत ते चालू होतं. मंग मी चमच्यानं झिंगा काढला.

बटणं मिटली ती उघडलीच नाई. मुठी उघडणारं ते मऊ जनावर दोन दिवसात शेंबडासारखं विरघळलं, घरात वास सुटला. नारंगी जोडीतला एक गेला, दुसऱ्या दिवशी दुसरा. नितेशचा रोज फोन ये.

"दादा, कसे हायेत?"

"झकास. तू आराम कर."

"झिंगा दिसते का?"

"दिसते ना."

दिसला होता, ते खरंच होतं. असं मी मनाले सांगतलं.

बाराव्या दिवशी ते परत आले. नितेश रिक्षातून उतरला, पलंगावर बसला नाई, चपला न काढता टाकीसमोर गेला. शालिकराम काका अन् त्याइची बायको शकुनबाई भेटाले आले होते, त्याइच्यासमोर.  मीठ मोजाची नळी असते दुर्बिणीवानी, तिच्यात थेंब टाकून त्यानं उजेडाकडे धरली. परत टाकला, परत पाहिलं.

"मीठ निम्म्यावर आलं," तो म्हणे. मंग माह्याकडे वळून, "दादा, दुसरं काई टाकलं का?"

रिकामे कॅन दारामागंच उभे होते. शालिकराम काका माह्याकडेच पाहून राहिले होते, ज्याइले मी बारा दिवस चहा पाजत माह्या राखणीच्या गोष्टी सांगतल्या.

"नाई," मी म्हटलं. "तू सांगतलं तसंच. रेघेपर्यंत गोडं पाणी."

त्यानं मान्य केलं. जन्मात त्यानं माही गोष्ट खोटी धरली नाई, अन् तवाबी नाई धरली. खुर्चीवर बसला, बोटावर काईतरी मोजलं अन् म्हणे, "मंग माहीच चूक. जायच्या दिवशी पाणी बदललं, मीठ कमी पडलं असन. तापात होतो. डोकं ठिकाणावर नव्हतं."

शकुनबाई म्हणे, "जाऊ द्या नितेशभाऊ, तुमी तरी काय करान."

मी पायानं कॅन अजून मागं सरकवले.

जागल्या तेवढा वाचला. खोदणाराच नाई तर बीळ ढासळलं, तरी तो त्याच जागी उभा राहे. खाणं टाकलं का येऊन घे, परत तथीच. नितेश तीन दिवस त्याले पाहत बसला, मंग अश्विनले बोलावून देऊन टाकला. टाकी सुकवून माळ्यावर गेली.

मी म्हटलं, "परत लाव ना. बरा झाला का लाव."

"नाई दादा."

अश्विननं तर नवी जोडी फुकट देतो म्हटलं. त्यालेबी नाई म्हणे.

आठवड्यातून दोन खेपा डायलिसिस सुरू झालं. मी पारावर जाहीर करून टाकलं का मी किडनी देणार. लोकाइनं पाठ थोपटली. माह्या एक्कावन्न इंची छातीचे किस्से मी नागपूरच्या डॉक्टरलेबी सांगतले. त्यानं रिपोर्ट पाहिला, अन् मलेच गोळ्या चालू केल्या. माह्याच किडन्याइचं रक्त गाळणं कमी झालेलं. घरी येतानी नितेश गाडीत म्हणे, "दादा, गावात मी सांगतो का मीच नाई घेतली म्हणून." त्यानं खरंच तसं सांगतलं. अन् मी ते तसंच चालू दिलं.

तरीबी ती गोष्ट मी सांगून टाकली असती. पण मले वाटे, मासेच तर हायेत. बिमार माणसाले जुनं काय उकरून दाखवाचं? असं म्हणत म्हणत तीन महिने गेले. मंग एक दिवस प्रणालीचा फोन आला.

"भाऊजी, याइनं मीटरवरचं काम सोडलं. साहेबाले स्वतःहून सांगतलं का माह्या मोजण्यावर आता भरोसा ठेवू नका. साहेब नाई म्हणत होते. याइनंच हट्ट केला. आता स्टोअरमंदी बसून पोते मोजतात."

"काहून?"

"म्हणतात, ज्यानं घरच्या टाकीचं मीठ निम्मं टाकलं, त्यानं मिलचं काय मोजावं."

मी पुढच्याच गाडीनं अमरावतीले गेलो. तो खुर्चीवर होता, समोर भिंत, जथी टाकी होती. मी बसलो, पाणी पेलो, म्हटलं, "नितेश, त्या टाकीचं मले तुले सांगाचं होतं..."

तो मधातच म्हणे, "सोड ना दादा. तू बारा दिवस घरदार सोडून माह्या माशाइची सेवा केली. चूक माही, अन् तुले अजून रुखरुख. तुह्यासारखा भाऊ कोणाले हाये?"

हे ऐकाले मी जन्मभर तरसलो होतो. गावभर मीच माही तारीफ करतो, त्यानं कधी तोंडानं केली नव्हती. सांगाचं तसंच राहून गेलं. मी ते घेतलं. घेऊन जेवलो अन् गावाकडे आलो.

पौषात, एका सकाळी डायलिसिस चालू असतानी त्याचं हृदय बंद पडलं. अडतीस वर्षाचा होता.

तेरवीले अश्विन नागपूरहून गावी आला. त्यानं विहीर पाहिली, बादलीतलं पाणी ओंजळीत घेऊन जिभेले लावलं. "नितेशभाऊ सांगे, आमची विहीर खारी म्हणून. पण भाऊ, समुद्रासमोर हे गोडंच हाये. समुद्र याच्या दहा पट खारा." मंग इकडचं तिकडचं बोलता बोलता त्यानं गोडं पाणी काहून टाकतात तेबी सांगतलं. पाणी उडून जाते, मीठ टाकीतच राहते, म्हणून वरतून गोडंच टाका लागते. नितेश तापात उलटं बोलला नव्हता.

"तुमचा जागल्या हाये बरं का," अश्विन म्हणे. "माह्या टाकीत दुसऱ्या झिंग्यासंगं बीळ केलं त्यानं. नितेशभाऊ दर वेळी डॉक्टरकडून माह्याकडे येऊन त्याले पाहून जात." मंग म्हणे, "पण एक गोष्ट मले कधी पटली नाई. नितेशभाऊ मीठ मोजाले चुकतीन?"

त्यानं माह्याकडे पाहून म्हटलं नव्हतं. खाली मीच पाहिलं.

दोन महिन्यानं प्रणाली अमरावतीचं घर खाली करून गावी आली. सामान लावतानी तिनं ती निळी वही माह्यासमोर ठेवली. म्हणे, "भाऊजी, तुमचं नाव लय जागी हाये यात. तुमीच ठेवा." मी उघडली. शेवटचं पान. तारीख, मीठ निम्मं, झिंगा गेला, जोडी गेली, जागल्या जेवला. अन् खाली त्याच्या बारीक अक्षरात: "कारण – मीठ मोजायला मी चुकलो."

मंग मी तिले सांगतलं. चहा, एस.टी., दोन कॅन, दार, सगळं. मधात एकबी बढाई मारली नाई. ते तूर निवडून राहिली होती. हात थांबले.

म्हणे, "मले सांगून काय करता भाऊजी? त्याइले सांगाचं होतं."

"हाव."

"माळ्याखाली उभे राहून टाकीकडे पाहत. मी म्हणो, लावू ना परत. म्हणत, माह्या हातात आता जीव देऊ नको."

ते उठली, आत गेली. मले वाटलं आता बोलणार नाई माह्यासंगं, अन् बरोबरच असतं. पण ते पेन घेऊन आली. वहीवर ठेवला अन् परत तुरीकडे बसली, माह्याकडे पाठ करून.

मी त्या ओळीच्या खाली लिहिलं: "नितेशनं मीठ बरोबर मोजलं होतं. विहिरीचं पाणी मी टाकलं. पंजाबराव." ग्रामपंचायतीच्या कागदावर करतो तशी पूर्ण सही केली, तारीख टाकली.

वरची ओळ खोडली नाई. त्याचं अक्षर हाये.